वाचलेल्या घराचा पंचनामा

पुराचे पाणी ओसरले की गावात आधी चिखलाचा वास भरून राहतो आणि त्यामागोमाग महसुलाचे दप्तर येते. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या तलाठी किंवा पटवारी म्हणत आलो आणि ज्याचे पदनाम अलीकडे ग्राम महसूल अधिकारी झाले आहे तो, त्याच्याबरोबर ग्रामसेवक आणि कृषी सहायक, असे तिघे गल्लीगल्लीतून फिरतात. कोणाची भिंत पूर्णतः पडली, कोणाची अंशतः, कोणाच्या गोठ्यातले जनावर दगावले, कोणाच्या कोठीतले धान्य भिजून त्याला मोड आले, हे सारे पंचांसमक्ष लिहिले जाते, सह्या आणि अंगठे होतात, आणि कागद तहसिलीच्या वाटेला लागतो. त्या यादीत एका घराचे नाव कधीच येत नाही. पाणी त्याच्याही दारापर्यंत आलेले असते, रात्र त्या घरानेही जागून काढलेली असते. परंतु त्याचे जोते शेजाऱ्यापेक्षा दोन हात उंच असल्यामुळे, अथवा नदीच्या अंगाची भिंत त्याने दगडात उचलून घेतलेली असल्यामुळे, उंबरठ्याच्या आत पाणी शिरलेले नसते. नुकसान नाही म्हणून नोंद नाही, हे नियमाला धरूनच आहे. पण पुरापासून काही माणसे आपले घर का जपतात आणि बहुसंख्य का जपू शकत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर ज्या घरापाशी उभे राहून शोधावे तेच घर आपल्या सर्व कागदांतून निसटून जाते, आणि त्या घराबरोबर त्याने मिळवलेले शहाणपणही.

वाशिम हा उगमांचा जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून हा जिल्हा वेगळा झाला, आणि जुन्या माणसांनी हेही ऐकले असेल की इंग्रजी अमदानीत १९०५ सालापर्यंत तो वऱ्हाडचा एक स्वतंत्र जिल्हा होताच. या पठारावर पडलेल्या पावसाची येथेच वाटणी होते. काटेपूर्णा उत्तरेकडे उतरून पूर्णेला आणि पूर्णेवाटे तापीला मिळते, म्हणजे तिचे पाणी पश्चिम समुद्राला जाते. पूस, अडाण आणि अरुणावती यांचे पाणी पैनगंगेला मिळते, आणि ती पैनगंगा वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा क्रमाने ते पाणी पूर्व समुद्रापर्यंत पोचवते. दक्षिणेची पैनगंगा सोडली तर येथल्या नद्या अजून लहान, अंगणात खेळणाऱ्या म्हणाव्या अशा. वर्षातले आठ महिने त्यांच्या पात्रातून बैलगाडी कोरडी जाते. ज्याच्या उशाशी नदी जन्म घेते त्याला तिचे भय वाटावे कसे? पूर ही खालच्या मुलखाची, कृष्णाकाठची किंवा कोकणातल्या खाड्यांची गोष्ट, असा या पठारावरील लोकांचा समज आहे, आणि तो समज आळसातून आलेला नसून तीनशे दिवसांच्या प्रत्यक्ष अनुभवातून आलेला आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

परंतु उगमाकडच्या पुराची जातच निराळी असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा ते इंचाइंचाने चढत होते, कोयनेतून किती विसर्ग झाला हे वर्तमानपत्रांतून आणि आकाशवाणीवरून लोकांना कळत होते, आणि कित्येकांनी, सर्वांनी नव्हे, पण कित्येकांनी, आपले सामान वरच्या मजल्यावर नेण्याइतका अवधी मिळवला. वाशिममधल्या रिसोड, मालेगाव, मानोरा या भागांत तो अवधी मिळत नाही. चार दिवसांची झड लागून काळी माती पोटभर पाणी प्यालेली असते, तिच्या उन्हाळी भेगा केव्हाच मिटलेल्या असतात, आणि मग मघा-पूर्वाच्या एखाद्या रात्री दोन-तीन तासांत जो पाऊस कोसळतो तो जमिनीत न मुरता सरळ नाल्याला लागतो. पहाटेपर्यंत नाला गावात शिरून परतही गेलेला असतो. येथे पूर आल्यावर करण्यासारखे जवळजवळ काही उरत नाही, बैलांचे दावे सोडावे आणि लेकरे उचलावी एवढेच. घर वाचवायचे असेल तर ते चैत्र-वैशाखात, आभाळात ढगाचा मागमूस नसताना, गवंड्याबरोबर बसून वाचवावे लागते. म्हणून पुरापासून घर जपण्याचा निर्णय हा या जिल्ह्यात संकटाच्या क्षणीचा निर्णय नाहीच. तो निर्भय दिवशी घ्यायचा निर्णय आहे. माणसाने ज्या दिवशी भिण्याचे कारण नाही त्या दिवशी, ज्याच्याजवळ पैसे कमी आहेत त्याने अधिक पैसे खर्च करून, जे कदाचित वीस वर्षे येणार नाही त्याच्यासाठी दोन हात अधिक भराव का टाकावा?

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे एक उत्तर भूमीतच लिहून ठेवले आहे. वऱ्हाडात आणि महाराष्ट्रभर गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जातात: काळी आणि पांढरी; काळी कसण्याची, पांढरी राहण्याची. मातीची धाब्याची घरे पडत, पडलेल्या घराच्या मातीवर नवे घर उभे राही, राख, शेण, चुना, खापर यांचे थर शतकानुशतके त्यात मिसळत, आणि असे करता करता गावठाण आजूबाजूच्या शेतांपेक्षा पुरुषभर, कोठे दोन पुरुष, उंच होऊन बसे. तीच पांढरी माती पुन्हा धाब्यावर घालण्यासाठी चांगली मानली जाई. गावाची ही उंची कोणा एकाने योजून बांधलेली नव्हती, तरी तिच्यापासून मिळणारे संरक्षण खरे होते, आणि सर्वांत उंच जागी देशमुखाची गढी असणे यातही केवळ मानमरातबाचा प्रश्न नव्हता. मात्र याच चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. गावठाणाची उंची सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. ज्यांना वेशीच्या आत घर बांधण्याचा अधिकार नव्हता त्यांची वस्ती पांढरीच्या उतारावर किंवा नाल्याच्या काठाला पडली. पुढे लोकसंख्या वाढली तसे भूमिहीन, भटके आणि नव्याने आलेले लोक जेथे जागा मोकळी होती तेथे वसले, आणि जागा मोकळी होती ती पाण्याचीच असल्यामुळे मोकळी होती. पुरात कोण सापडतो हे पुष्कळदा नदी ठरवत नाही. ते शंभर-दोनशे वर्षांपूर्वी गावाने ठरवलेले असते.

घर जपण्याच्या प्रवृत्तीचा शास्त्रीय अभ्यास परदेशांत बराच झाला आहे. अमेरिकी भूगोलवेत्ते गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात असे प्रतिपादन केले, की केवळ धरणे आणि तटबंध बांधून पुराचे नुकसान टळत नाही, माणसे कोठे आणि कशी वसतात याचाही विचार करावा लागतो. बांध झाला की लोक त्याच्या विश्वासावर पात्राच्या अधिक जवळ सरकतात. पुढे १९७५ साली रोनाल्ड रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या उपपत्तीचा आधार घेऊन ग्रोथमन आणि रॉयस्विग या दोन अभ्यासकांनी ऱ्हाइनकाठच्या कोलोन शहरातील रहिवाशांची पाहणी केली आणि ती २००६ साली प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. पुराची भीती किती वाटते एवढ्यावरून कोण घराचा बंदोबस्त करील हे सांगता येत नाही. हा उपाय खरोखर चालतो, आणि तो मला करता येण्यासारखा आहे, मला परवडण्यासारखा आहे, असे ज्याला वाटते तोच हात हलवतो. ज्याला तसे वाटत नाही त्याला तुम्ही जितके अधिक भिववाल तितका तो धोका नाकारील, किंवा विषय टाळील, किंवा दैवावर हवाला ठेवील. त्याच कोलोनमध्ये डिसेंबर १९९३ आणि जानेवारी १९९५ असे सुमारे एकाच उंचीचे दोन पूर पाठोपाठ आले, आणि दुसऱ्या पुरात नुकसान पहिल्याच्या जवळजवळ निम्म्यावर आले. मधल्या तेरा महिन्यांत नदी बदलली नव्हती. पहिल्या पुराने लोकांना पाणी कोठवर येते हे दाखवले होते, आणि काय वाचवता आले असते हेही दाखवले होते. दुसरे पाहणे पहिल्याइतकेच मोलाचे होते.

आपल्याकडे मात्र सुशिक्षितांचे एक ठरलेले उत्तर असते: खेड्यातला माणूस दैववादी आहे. हे उत्तर मला पटत नाही, इतकेच नव्हे तर ते अन्यायाचे वाटते. ज्या घराला आपण दैववादी म्हणतो त्याच्या आत जाऊन पाहावे. बियाणे जमिनीवर नाही, फळीवर आहे. रेशनकार्ड, सातबारा, लेकरांचे शाळेचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याजवळच्या खुंटीला टांगलेले आहेत. दुधाचे भांडे शिंक्यावर आहे. पोळ्याच्या सुमारास झड लागली की घरची बाई रात्री दोनदा उठून नाल्याचा आवाज ऐकून येते. हे सर्व दैवावर हवाला ठेवणाऱ्याचे वर्तन नाही. आपल्या आवाक्यात जेवढे आहे तेवढ्याचा या माणसांनी चोख बंदोबस्त केलेला आहे. जे आवाक्याबाहेर आहे, म्हणजे जोते, भिंत, जागा, त्याच्याविषयी ती “देवाची मर्जी” असे म्हणतात, आणि आपण त्यांच्या बोलण्याला त्यांचे तत्त्वज्ञान समजतो. ते तत्त्वज्ञान नसून हिशेबाची शेवटची ओळ आहे.

तेव्हा प्रश्न आवाक्याचा आहे, आणि आवाक्यात पहिली गोष्ट येते ती मालकीची. ज्या जागेवरून आपल्याला उद्या उठवले जाईल तेथे कोणी दगडी जोते घालत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नाव असते, घरपट्टीची पावती मिळते, आणि पुष्कळांना तोच मालकीचा पुरावा वाटतो. वस्तुतः ती कर आकारणीची यादी आहे, हक्काची सनद नव्हे. गावठाणातील घरांची मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याची स्वामित्व योजना केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केली. तिचे प्रयोजन कर्ज मिळण्याच्या आणि तंटे मिटण्याच्या संदर्भात सांगितले जाते. माझ्या मते तिचा पुराशी असलेला संबंधही तितकाच जवळचा आहे, कारण कागद हाती आला की माणूस त्याच भिंतीकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो. परंतु ही मोजणी गावठाणाची. नाल्याकाठच्या ज्या वस्त्या गावठाणाच्या हद्दीबाहेर आहेत, जे तांडे गायरानावर किंवा वनाच्या कडेला आहेत, त्यांना सर्वांत अधिक गरज असून त्यांचाच प्रश्न मागे राहतो. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला आणि माणसांच्या सुटकेसाठी हवाई दलाला पाचारण करण्याची वेळ आली. ज्यांच्या सुटकेसाठी आकाशातून यंत्र आणण्याची आपली तयारी असते त्यांच्या जोत्याला चार ब्रास मुरूम मिळण्याची मात्र कोठे तरतूद नसते.

दुसरी गोष्ट शेजारधर्माची. एकट्याने घर जपणे ही कल्पनाच अर्धी खोटी आहे. कोणत्याही जुन्या गल्लीत उभे राहून पाहावे: चाळीस वर्षांपूर्वी ज्या ओट्याला तीन पायऱ्या चढून जावे लागे त्या घरात आज एक पायरी उतरून शिरावे लागते. घर खचलेले नाही. रस्ता चढला आहे. दर पाच-सात वर्षांनी नवा निधी येतो, जुने काँक्रीट न उकरता त्यावर नवा थर पडतो, वितीवितीने गल्ली वर येते, आणि ज्या कुटुंबाने कधीकाळी पोटाला चिमटा घेऊन जोते उंच घातले होते त्याची सगळी दूरदृष्टी सार्वजनिक कामाखाली गाडली जाते. हे मी अनेक गावांत पाहिले आहे, आणि दर वेळी मनस्वी वाईट वाटले आहे. त्या घराने आपले कर्तव्य केले होते. त्यानंतर ज्याला ऐपत आहे तो घर पाडून रस्त्याच्याही वर नवे जोते घेतो. त्याचे पाणी मग शेजारच्या विधवेच्या अंगणात वळते. तालुक्याच्या गावांत शेतांचे अकृषक भूखंड पडतात तेव्हा तर ओढ्याचे ओघळ भरून टाकून त्यावरच पाट्या लागतात. अशा ठिकाणी एकाने केलेले संरक्षण हे दुसऱ्यावर केलेले आक्रमण ठरते, आणि जो अजून काहीच करत नाही त्याला आपण बेफिकीर कसे म्हणावे?

तिसरी गोष्ट पैशाची, आणि येथे राज्यकर्त्यांच्या दृष्टीचा एक जुना दोष उघड होतो. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८३ साली जमीन सुधारणेच्या कर्जाचा जो कायदा झाला, ज्याला आपले लोक तगाई म्हणून ओळखत आले, त्यात पुरापासून आणि धुपीपासून जमिनीचे रक्षण करण्याच्या कामासाठी कर्ज देण्याची तरतूद होती. पण ती शेतीच्या जमिनीसाठी. काळीला तगाई होती, पांढरीला नव्हती. सारा काळीवर बसत होता, म्हणून काळी जपण्यात सरकारचा स्वार्थ होता, हे समजण्यासारखे आहे. परंतु सारा गौण होऊन किती काळ लोटला, तरी तीच दृष्टी कायम आहे. २०२३च्या खरिपात एक रुपयात पिकाचा विमा निघाला आणि जिल्ह्यातला सोयाबीन उत्पादक त्या अर्जासाठी रांगेत उभा राहिला. घराला पुरासकट संरक्षण देणारी “भारत गृह रक्षा” नावाची प्रमाणित विमापत्रिका १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे, तिचे नाव मात्र गावात कोणाला ठाऊक नसते, कारण ते सांगायला कोणी गेलेलेच नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो विचारवंतांकडून गंभीरपणे घेतला जातो. नुकसान झाल्यावर सरकार भरपाई देते म्हणून लोक घर जपत नाहीत, असा हा आक्षेप आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्णतः पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. एवढ्या रकमेसाठी, आणि तीही पंचनामा, याद्या, मंजुरी या सर्व पायऱ्या चढून हाती येणार असताना, कोणी गृहस्थ आपली भिंत पडू देईल, चूल विझू देईल, म्हाताऱ्या आईला शाळेच्या पडवीत झोपवील, हे ज्याला खरे वाटत असेल त्याने पुराच्या दुसऱ्या दिवशीचे घर पाहिलेले नाही. भरपाई माणसाला निष्काळजी करत नाही. तिच्यातला खरा दोष असा, की ती उशिरा येते आणि चुकीच्या गोष्टीसाठी येते. तिच्यातून तेच घर, त्याच जागी, त्याच उंचीवर पुन्हा उभे राहते. योगायोग असा, की प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागातील घरकुलाची मूळ मदतही १ लाख २० हजारच आहे. ही मदत बांधकामाच्या टप्प्यांनी मिळते. जोत्यापर्यंत काम आले की त्याचे छायाचित्र घेतले जाते आणि पुढचा हप्ता सुटतो. म्हणजे शासनाचा माणूस जोत्यापाशी उभा राहतोच. त्याच वेळी ते जोते गावाच्या ज्ञात पूरखुणेच्या वर आहे की नाही हे ताडून पाहावे, वर घेण्यासाठी लागणारा भराव रोजगार हमीतून किंवा गौण खनिजाच्या सवलतीतून द्यावा, याला नवा कायदा लागत नाही. आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या माणसाची निवड त्या आठवड्यात होते. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षे कोणी कितीही जागृती करो, जोते हलत नाही.

पण गावाची पूरखूण कोणती? पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर निळी रेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा असते, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्याची. मोठ्या नद्यांकाठच्या शहरांत या रेषांवरून कज्जे चालतात; नाल्याकाठच्या खेड्याला रेषाच नसते, आणि असलीच तरी ती कागदावर असते. गावाची खरी रेषा आठवणीत असते, आणि आठवण माणसाबरोबर जाते. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यातल्या मोवाडात जो प्रलय केला त्यात २०४ माणसे गेली. विदर्भात त्याहून मोठा धडा कोणता असावा? तरी आज वाशिमच्या एखाद्या महाविद्यालयात मोवाडचे नाव घ्या. विशीतल्या मुलामुलींपैकी किती जणांना ते ठाऊक आहे ते पाहा. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पुण्याने पुस्तकांतून जपला, कारण पुण्याला लिहिणारी माणसे होती. ज्यांची घरे वाहून जातात त्यांना लिहायला सवड नसते.

म्हणून मला असे वाटते की पंचनाम्याच्या कागदाला एक रकाना वाढवावा. नुकसानीची यादी पुरी झाली की त्याच तिघांनी त्याच गल्लीत पाण्याच्या वाटेत असूनही जी घरे वाचली त्यांच्या दारात जावे, आणि जोते किती हात, भिंत कशाची, मोरीचे तोंड कोणीकडे, धान्य कोठे होते, हे विचारून लिहून घ्यावे. भरपाईसाठी नव्हे, गावच्या दप्तरात राहावे म्हणून. आणि हे विचारताना ते घरच्या बाईला विचारावे, कारण जोते पुरुषाने घातले असले तरी पाणी कोणत्या फळीपर्यंत आले होते हे चिखल जिने काढला तिलाच नेमके ठाऊक असते. पुढच्या वैशाखात शेजारी घर बांधायला काढील तेव्हा त्याला भिववणाऱ्या फलकापेक्षा, पलीकडच्या गल्लीतले अमुक घर दोन हात जोत्यामुळे कोरडे राहिले आणि त्याला इतका खर्च आला, हे वाक्य अधिक उपयोगी पडेल. त्यात त्याच्या कुवतीच्याच माणसाने केलेली गोष्ट असेल.

तोवर निदान एवढे व्हावे. गावात सर्वांच्या नजरेसमोरची भिंत शाळेची असते. पाणी ओसरल्यावर तिच्यावर चिखलाची एक रेघ काही दिवस राहते, कंबरेएवढी, कोठे छातीएवढी, आणि लहान मुले तिला पाठ लावून आपली उंची मोजतात. दिवाळीच्या सुटीत रंगसफेदी होते आणि ती रेघ जाते. रंगाऱ्याला सांगावे, की ती रेघ पक्क्या निळ्या रंगाने ओढ, तिच्याशेजारी वर्ष आणि तिथी लिही, आणि पुढल्या खेपेला रंग देशील तेव्हा तेवढी जागा सोडून दे.